कोनीय कापाचे संगणकीय निरूपण : वस्तू, क्रिया आणि दृश्य यांच्या सरमिसळीची चिकित्सा

सारांश : भूमितीय प्रतिरूपणाच्या संगणक आज्ञावलींमध्ये वृत्तचिती, शंकू, गोल यांसारख्या घनाकृतींचा काही अंशांचा भाग वगळून उरलेली आकृती दाखविण्याची सोय असते. ही सोय तीन निरनिराळ्या मार्गांनी पुरविली जाते : मूलाकारालाच कोनाची मर्यादा घालून, पूर्ण आकृतीतून पाचरीसारखा भाग वजा करून, किंवा आकृती अबाधित ठेवून केवळ दृश्य कापून. पडद्यावर हे तिन्ही मार्ग जवळजवळ सारखेच चित्र निर्माण करतात. त्यांचा अर्थ मात्र सारखा नाही. जीअँट-४, रूट, ओपनस्कॅड, फ्रीकॅड व पॉव्ह-रे या आज्ञावलींच्या आधारे या तीन निरूपणांची तुलना करणे आणि त्यांच्या सरमिसळीतून उद्भवणाऱ्या दोषांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : कोनीय काप, घनाकृती, मूलाकार, संचक्रिया, सीमानिरूपण, छेददृश्य.

१. प्रस्तावना

कलिंगड विकणारा फळाला त्रिकोणी काप देऊन आतला लाल गर दाखवितो, तेव्हा त्या फळाचे वजन खरोखरच कमी झालेले असते. अभियांत्रिकी पुस्तकातील छेदचित्रात पंपाचे कवच पाव भागाने कापलेले दिसते, तेव्हा प्रत्यक्षात कोणीही पंप कापलेला नसतो. आणि लोहाराने लाकूड फोडण्यासाठी घडविलेली पाचर ही कशातून कापून काढलेली नसून तिचा आकारच तसा असतो. डोळ्यांना या तिन्ही ठिकाणी एकच भूमितीय घटना दिसते : एका अक्षाभोवती काही अंशांची जागा रिकामी किंवा भरलेली आहे. परंतु पहिल्या उदाहरणात काप ही घडलेली क्रिया आहे, दुसऱ्यात ती पाहणाऱ्याची सोय आहे आणि तिसऱ्यात तो वस्तूचा स्वभाव आहे.

मराठी भाषेत 'छेद' हा एकच शब्द या घोटाळ्यात भर घालतो. संचसिद्धान्तात दोन संचांतील समाईक घटकांचा 'छेद' असतो, अपूर्णांकाला 'छेद' असतो आणि यंत्रचित्रणात वस्तूचे 'छेददृश्य' असते. घनाकृतींच्या संगणकीय प्रतिरूपणात यांपैकी पहिला आणि तिसरा अर्थ शेजारी शेजारी येऊन बसतात. म्हणून या लेखात अक्षाभोवतीच्या अंशात्मक वगळणुकीस 'कोनीय काप' ही संज्ञा योजली असून 'छेद' हा शब्द दोन आकृतींचा समाईक भाग या अर्थी आणि यंत्रचित्रणातील रूढ संज्ञांपुरता वापरला आहे.

कोनीय काप हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. एक कोन द्यायचा आणि तेवढा भाग वगळायचा, एवढेच त्याचे स्वरूप असल्याचा समज होतो. तथापि संगणकीय प्रतिरूप हे केवळ चित्र नसते. त्यावरून वस्तुमान काढले जाते, यंत्रावर भाग तयार होतो, किरणोत्सर्गाचे गणित मांडले जाते. अशा वेळी 'हा काप कोणाचा आहे?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तो वस्तूचा आहे, कारागिराचा आहे, की पाहणाऱ्याचा आहे? प्रचलित आज्ञावली या प्रश्नाचे उत्तर कितपत जपून ठेवतात, हाच या चिकित्सेचा निकष होय.

२. सैद्धान्तिक पार्श्वभूमी

घनाकृतींच्या संगणकीय निरूपणाची शिस्तबद्ध मांडणी १९७० च्या दशकात झाली. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होलकर व अरिस्टिडीस रेकिशा यांनी मूलाकार आणि संचक्रिया यांवर आधारलेली रचनात्मक घनभूमिती विकसित केली. इंग्लंडमधील केंब्रिज येथे इयन ब्रेड यांनी पृष्ठे, कडा व शिरोबिंदू यांच्या आधारे घनाकृती साठविण्याच्या पद्धतीवर, म्हणजेच सीमानिरूपणावर, महत्त्वाचे काम केले. आजच्या बहुतेक आज्ञावली या दोन प्रवाहांपैकी एकाच्या किंवा दोहोंच्या वारसदार आहेत.

रेकिशा यांनी १९८० मध्ये 'कॉम्प्युटिंग सर्व्हेज' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात निरूपणपद्धतींच्या मूल्यमापनाचे निकष मांडले. निरूपण वैध आहे का, म्हणजे त्यामागे खरोखर संभवणारी घनाकृती आहे का. ते असंदिग्ध आहे का, म्हणजे एका निरूपणावरून एकच घनाकृती निष्पन्न होते का. आणि ते एकमेव आहे का, म्हणजे एका घनाकृतीस एकच निरूपण आहे का, हे त्यांतील प्रमुख प्रश्न होत. रचनात्मक घनभूमिती पहिल्या दोन कसोट्यांवर चांगली उतरते. तिसऱ्या कसोटीवर मात्र ती उतरत नाही, कारण एकच आकृती अनेक मार्गांनी रचता येते. कोनीय काप हे याचे उत्तम उदाहरण आहे. पाऊण वृत्तचिती ही २७० अंशांचा मूलाकार म्हणून, पूर्ण वृत्तचितीतून ९० अंशांची पाचर वजा करून, किंवा तीन पाव भागांचा संयोग करून मिळू शकते.

साध्या संचवजाबाकीतील एका अडचणीचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. बंदिस्त आकृतीतून बंदिस्त पाचर वजा केली तर पाचरीची सीमाही वजा होते आणि उरलेल्या आकृतीला कापाच्या ठिकाणी पृष्ठभागच राहत नाही. यासाठी 'नियमित' संचक्रियांची कल्पना पुढे आली. या क्रियेत उत्तराचा अंतर्भाग घेऊन त्याला पुन्हा सीमा जोडली जाते. कापलेल्या ठिकाणी नवा पृष्ठभाग 'उगवतो' तो या व्याख्येमुळे. कापाचे पृष्ठ मूळ वस्तूत नव्हते, ते क्रियेने निर्माण केले, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

रेकिशा यांचे निकष आजही प्रमाण मानण्याजोगे आहेत. परंतु ते निरूपण आणि बिंदुसंच यांच्यातील नात्यापुरते आहेत. काप कोणत्या हेतूने केला, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. ही त्या सिद्धान्ताची चूक नव्हे. मात्र सिद्धान्ताने बाजूला ठेवलेला प्रश्न आज्ञावलींच्या वापरात पुन्हा उभा राहतो, हे लक्षात घ्यावे लागते.

३. काप वस्तूचा : कोनाने मर्यादित मूलाकार

पहिल्या प्रकारात कोन हा मूलाकाराच्या व्याख्येचाच भाग असतो. कणभौतिकीतील प्रयोगांचे सादृशीकरण करणाऱ्या जीअँट-४ या आज्ञावलीची पहिली आवृत्ती १९९८ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वृत्तचिती, शंकू, गोल व कंकण या प्रत्येक आकारास आरंभकोन आणि कोनविस्तार अशा दोन राशी द्याव्या लागतात. गोलाच्या बाबतीत अक्षाभोवतीच्या कोनाबरोबरच अक्षापासून मोजलेल्या कोनाचीही अशीच जोडी असते.

ही रचना लहरीतून आलेली नाही. कणशोधक यंत्रे अक्षाभोवती पाकळ्यांसारखी विभागलेली असतात. जिनिव्हाजवळील सीएमएस प्रयोगातील मध्यभागीचा हॅड्रॉन ऊर्जामापक दोन अर्ध्या पिंपांचा असून प्रत्येकात २० अंशांच्या १८ पाचरी आहेत. त्याच प्रयोगातील बाह्य हॅड्रॉन ऊर्जामापकाच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग होता. हा ऊर्जामापक पाच कड्यांत आणि प्रत्येक कड्यात ३० अंशांच्या १२ विभागांत मांडलेला आहे. येथे २० किंवा ३० अंश ही कोणी कापून उरविलेली मापे नाहीत. तो भाग तसाच घडविला गेला आहे. म्हणून कोन मूलाकाराच्या अंगी असणे हे येथे वस्तुस्थितीशी प्रामाणिक आहे.

तथापि या निरूपणातही दोन उणिवा जाणवतात. पहिली उणीव संकेतांच्या विसंगतीची आहे. सर्न येथेच विकसित झालेल्या रूट या आज्ञावलीत वृत्तचितीच्या पाकळीसाठी आरंभकोन आणि अंत्यकोन द्यावे लागतात. त्याच आज्ञावलीतील कंकण व बहुशंकू या आकारांसाठी मात्र आरंभकोन आणि कोनविस्तार द्यावे लागतात. परिणामी '९०, २७०' ही संख्यांची जोडी रूटमधील वृत्तचितीच्या पाकळीस दिली तर ९० अंशांपासून २७० अंशांपर्यंतची अर्धी वृत्तचिती मिळते. तीच जोडी अंशांत जीअँट-४ ला दिली तर ९० पासून पुढे २७० अंशांची, म्हणजे पाऊण वृत्तचिती मिळते. दोन्ही उत्तरे वैध आहेत आणि दोन्ही असंदिग्ध आहेत. त्यामुळे कोणतीही आज्ञावली चूक झाल्याची सूचना देणार नाही.

एककांच्या बाबतीत हा धोका अधिक गडद होतो. जीअँट-४ मध्ये कोन आतून रेडियनमध्ये साठविला जातो आणि अंशांत मूल्य द्यायचे असल्यास तसे एकक जोडावे लागते. एकक जोडण्यास विसरून वृत्तचितीचा कोनविस्तार केवळ '९०' असा लिहिला, तर तो ९० रेडियन समजला जातो. पूर्ण वर्तुळाचा कोन सुमारे ६.२८ रेडियन असल्याने, त्याहून मोठा विस्तार पूर्ण वर्तुळ म्हणून मुकाट्याने स्वीकारला जातो. पाव वृत्तचिती हवी असताना पूर्ण वृत्तचिती तयार होते. कोनविस्तार शून्य किंवा ऋण असेल तर ही आज्ञावली काम थांबविते, परंतु अवास्तव मोठा कोन ती 'पूर्ण' असा अर्थ लावून पुढे जाते. वापरणाऱ्याची सोय पाहणारा हा उदारपणा येथे कडकपणापेक्षा अधिक हानिकारक ठरतो, असे म्हणावे लागेल.

दुसरी उणीव वक्रतेची आहे. ऊर्जामापकाच्या पाचरी पितळेच्या सपाट पट्ट्यांच्या असताना त्यांचे निरूपण वृत्तचितीच्या पाकळीने केले, तर कोन बरोबर असूनही आकार चुकतो. २० अंशांच्या पाकळीत, १ मीटर त्रिज्येच्या कंसाचा मध्यबिंदू त्याच्या जीवेपासून सुमारे १.५ सेंटिमीटर दूर असतो. त्यासाठी जीअँट-४ मध्ये बहुफलकी आकार स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. तात्पर्य, कोन अचूक देणे म्हणजे पाचर अचूक देणे नव्हे.

फ्रीकॅड या मुक्त आज्ञावलीत हीच कल्पना अधिक संयमाने राबविलेली दिसते. तेथील वृत्तचितीस कोनविस्तार देता येतो, आरंभकोन मात्र देता येत नाही. आकृती नेहमी एका ठराविक अक्षापासून सुरू होते आणि तिला फिरवायचे असल्यास ते काम तिच्या स्थाननिश्चितीकडे सोपविले जाते. आकार आणि स्थान यांची ही फारकत तात्त्विकदृष्ट्या स्वच्छ आहे. मात्र येथे वेगळी गुंतागुंत उद्भवते. पूर्ण वृत्तचितीस तीन पृष्ठे असतात : एक वक्र व दोन वर्तुळाकार. कोन ३६० वरून २७० केला की दोन सपाट पृष्ठांची भर पडून ती पाच होतात. राशीतील साधा बदल हा सीमेच्या रचनेतील बदल ठरतो आणि पृष्ठाच्या क्रमांकावर विसंबून पुढे जोडलेले घटक विस्कळीत होण्याची शक्यता निर्माण होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत पृष्ठांच्या ओळखीच्या या जुन्या समस्येवर बऱ्याच अंशी उपाय योजण्यात आला, ही समाधानाची बाब होय.

४. काप कारागिराचा : पाचरीची वजाबाकी

दुसऱ्या प्रकारात आधी पूर्ण आकृती असते व नंतर तिच्यातून पाचर वजा केली जाते. यंत्रशाळेत कातणे व छिलणे या क्रिया याच क्रमाने होत असल्याने हे निरूपण कारागिराच्या विचारपद्धतीस जवळचे आहे. ओपनस्कॅड या मुक्त आज्ञावलीत वृत्तचिती व गोल या मूलाकारांस कोनाची राशीच नाही. सपाट आकृती अक्षाभोवती फिरवून घनाकृती करण्याच्या आज्ञेस कोनाची मर्यादा देण्याची सोय २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून उपलब्ध झाली. तोपर्यंत वापरणाऱ्यांना वजाबाकीसारख्या संचक्रियांवरच विसंबावे लागत असे.

या मार्गातील पहिली अडचण पाचरीच्या मापाची आहे. त्रिकोणी तळाची पाचर घेतली आणि तिचा कोन θ असेल, तर तिची समोरची बाजू अक्षापासून भुजेच्या लांबीला θ च्या निम्म्याच्या कोसाइनने गुणून येणाऱ्या अंतरावर असते. ती वृत्तचितीच्या बाहेर पडण्यासाठी भुजा किती लांब हवी, हे कोनावर अवलंबून राहते. ९० अंशांसाठी भुजा त्रिज्येच्या किमान १.४१ पट, १२० अंशांसाठी २ पट आणि १७० अंशांसाठी सुमारे ११.५ पट लागते. १८० अंशांना त्रिकोणच उरत नाही. प्रविशाल कोनासाठी दोन पाचरी जोडाव्या लागतात किंवा प्रश्न उलटा करून 'काय वगळायचे' ऐवजी 'काय ठेवायचे' असे विचारावे लागते. यामागचे कारण साधे आहे. सरळ कोनापेक्षा लहान पाचर ही दोन अर्धावकाशांचा छेद असते, तर त्याहून मोठी पाचर ही दोन अर्धावकाशांचा संयोग असते. कोन १८० अंश ओलांडतो त्या क्षणी क्रियेचे स्वरूपच बदलते. कोनाची राशी सलग वाढत असूनही रचनेला मात्र तेथे सांधा बदलावा लागतो.

दुसरी अडचण समान पृष्ठांची आहे. पाचरीची उंची वृत्तचितीच्या उंचीइतकीच ठेवली तर दोहोंची वरची व खालची पृष्ठे एकमेकांवर येतात आणि मर्यादित अचूकतेच्या अंकगणितात ती पृष्ठे उरली की गेली याचा निर्णय डळमळीत होतो. ओपनस्कॅडच्या पूर्वदृश्यात अशा जागी रंगांची थरथर दिसते. जीअँट-४ च्या मार्गदर्शिकेतही वजा करावयाची आकृती समान पृष्ठे टाळण्यासाठी थोडी मोठी घेण्याचा सल्ला दिलेला आहे. हा सल्ला व्यवहार्य आहे, यात शंका नाही. परंतु ज्या मापाला वस्तूत काहीही अर्थ नाही असे एक 'थोडेसे' प्रतिरूपात कायमचे जाऊन बसते, हेही तितकेच खरे.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ओपनस्कॅड वक्र पृष्ठाऐवजी बहुभुजी पृष्ठ वापरते. तिच्या मूळ ठरावानुसार ५० मिलिमीटर त्रिज्येची वृत्तचिती ही ३० बाजूंच्या सुसम बहुभुजाची चिती असते व तिचे शिरोबिंदू दर १२ अंशांवर येतात. या चितीतून ० ते ९० अंशांची पाचर वजा केली असता पहिला काप नेमका शिरोबिंदूवर पडतो. दुसरा काप मात्र ९० भागिले १२ म्हणजे साडेसातव्या टप्प्यावर, बाजूच्या बरोबर मध्यावर पडतो. परिणामी पहिल्या कापपृष्ठाची रुंदी ५० मिलिमीटर, तर दुसऱ्याची ५० गुणिले कोसाइन ६ अंश, म्हणजे सुमारे ४९.७३ मिलिमीटर भरते. पाऊण वृत्तचितीची दोन्ही तोंडे समान असावीत ही अपेक्षा येथे भंग पावते. हीच आकृती आयताचे २७० अंशांचे परिभ्रमण करून घेतली तर दोन्ही तोंडे पूर्ण ५० मिलिमीटरची मिळतात. फरक ०.२७ मिलिमीटरचा असला तरी एकमेकांत बसणाऱ्या मुद्रित भागांमध्ये तेवढा फरक दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

'बिंदुसंच एकच असेल तर तो कोणत्या मार्गाने मिळविला याला महत्त्व नाही', असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. वरील उदाहरण हा युक्तिवाद अपुरा असल्याचे दर्शविते. शुद्ध भूमितीत समान असलेले दोन मार्ग अंदाजी भूमितीत समान राहत नाहीत. शिवाय प्रतिरूप बदलले जाते तेव्हाही ते समान राहत नाहीत. ९० अंशांच्या पाचरीची भुजा ८० मिलिमीटर ठेवून ५० मिलिमीटर त्रिज्येच्या वृत्तचितीत घेतलेला काप पूर्ण असतो. पुढे त्रिज्या ६० मिलिमीटर केली की आवश्यक भुजा सुमारे ८४.९ मिलिमीटर होते आणि कापाच्या बाहेरच्या टोकाशी वस्तूची एक पातळ कमान शिल्लक राहते. कोनाने मर्यादित मूलाकारात असा प्रसंग उद्भवत नाही.

५. काप पाहणाऱ्याचा : दृश्यापुरती वगळणूक

तिसऱ्या प्रकारात वस्तू अबाधित राहते, फक्त तिचे दर्शन कापले जाते. या परंपरेची मुळे यंत्रचित्रणात आहेत. अर्धछेद दृश्यात वस्तूचा पाव भाग काढून टाकल्याची कल्पना केली जाते, परंतु त्याच वस्तूची इतर दृश्ये पूर्ण वस्तूची काढली जातात. भारतीय मानक ब्यूरोच्या 'एसपी ४६' या अभियांत्रिकी चित्रणविषयक पुस्तिकेने शाळा-महाविद्यालयांसाठी असे संकेत एकत्र दिले आहेत. कापलेल्या पृष्ठावर तिरप्या रेषांची छटा द्यावी, मात्र लांबीच्या दिशेने काप गेला तरी दांडे, बोल्ट, रिव्हेट व बरगड्या न कापता दाखवाव्यात, हा संकेत यांपैकीच होय. म्हणजे छेददृश्य हे भूमितीचे यांत्रिक फलित नसून वाचकासाठी केलेले विवेचन आहे. काय कापायचे आणि काय अखंड ठेवायचे, हे चित्रकार अर्थ पाहून ठरवितो.

संगणकीय दृश्यकापात हा विवेक आपोआप येत नाही. जीअँट-४ मध्ये दृश्यासाठी कापप्रतले जोडण्याची आज्ञा असून अशी कमाल तीन प्रतले देता येतात. ती 'संयोग' रीतीने वापरायची की 'छेद' रीतीने, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते. परस्परांना लंब असलेली दोन प्रतले संयोग रीतीने घेतली तर पाव भाग नाहीसा होतो व पाऊण भाग दिसतो. तीच प्रतले छेद रीतीने घेतली तर फक्त पाव भाग दिसतो. अर्धावकाशांच्या संयोग व छेदाचा जो मुद्दा पाचरीच्या संदर्भात वर आला, तोच येथे वापरणाऱ्याच्या हाती उघडपणे दिलेला आहे. ही पारदर्शकता या आज्ञावलीची जमेची बाजू मानली पाहिजे. सादृशीकरणातील वस्तू या कापाने बदलत नाही, ही त्याहून मोठी जमेची बाजू होय.

कापलेल्या जागी काय दिसावे, या प्रश्नाबाबत पॉव्ह-रे ही चित्रनिर्मितीची आज्ञावली विशेष बोधप्रद आहे. तिच्यात आकृती 'क्लिप' केली तर ती पोकळ कवचासारखी दिसते, कारण कापाच्या ठिकाणी नवे पृष्ठ निर्माण केले जात नाही. वजाबाकी किंवा छेद या क्रियांनी कापली तर मात्र कापपृष्ठ भरलेले दिसते. या पृष्ठाला रंग कोणता द्यावा, पाचरीचा की कापलेल्या वस्तूचा, हाही निर्णय करावा लागतो. वस्तूचेच पोत कापपृष्ठावर यावे यासाठी त्या आज्ञावलीत स्वतंत्र सोय केलेली आहे. मूळ वस्तूत नसलेल्या पृष्ठाला कोणाचा रंग द्यावा, हा प्रश्न वरकरणी सजावटीचा वाटतो. प्रत्यक्षात 'हा काप कोणाचा?' या मूळ प्रश्नाचेच ते दुसरे रूप आहे.

६. सरमिसळीचे परिणाम

तिन्ही प्रकार आपापल्या जागी योग्य आहेत. दोष निर्माण होतो तो एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेतल्यामुळे. यंत्राचे अंतरंग दाखविण्यासाठी वृत्तचितीचा कोन ३६० वरून २७० केला तर चित्र उत्तम मिळते, पण त्या भागाचे घनफळ आणि वस्तुमान २५ टक्क्यांनी घटते. किरणोत्सर्गाच्या सादृशीकरणात असा कोन पूर्ववत करावयाचा राहिला, तर कवचातून पाव दिशांनी कण निर्वेध बाहेर पडतात. आलेल्या आकड्यांवरून दोष आज्ञावलीचा, भौतिकीचा की चित्राच्या हौसेचा, हे ओळखणे कठीण होते. याउलट खरोखरच पाचरीच्या आकाराचा भाग केवळ दृश्य कापून दाखविला, तर चित्र बरोबर पण निर्मितीसाठी पाठविलेली आकृती पूर्ण वृत्तचितीची निघते.

एका आज्ञावलीतून दुसरीकडे प्रतिरूप नेताना हा घोटाळा वाढतो. स्टेप स्वरूपातील धारिकेत सामान्यतः पृष्ठे व कडा जातात, घडणीचा इतिहास जात नाही. एसटीएल स्वरूपात तर केवळ त्रिकोण उरतात. मूळ प्रतिरूपात '९० अंशांची वजाबाकी' असे लिहिलेले असले, तरी पलीकडे पोहोचते ते दोन सपाट पृष्ठांचे शरीर. त्या पृष्ठांमागे कारागीर होता की वस्तूचा स्वभाव, हे सांगणारी कोणतीही खूण त्यात नसते. दृश्यकापाची माहिती तर वस्तूच्या भूमितीत मुळातच नसते.

अध्यापनाच्या दृष्टीने याचे महत्त्व विशेष आहे. फलकावर चित्रे काढणाऱ्या विद्यार्थ्यास अर्धछेद दृश्य काढताना 'पाव भाग काढला अशी कल्पना करा' असे सांगितले जात असे. त्या वाक्यातील 'कल्पना' या शब्दाने वस्तू व दृश्य यांतील सीमारेषा आपोआप आखली जाई. संगणकावर तोच विद्यार्थी कोनाच्या चौकटीत २७० हा आकडा भरतो आणि तेच चित्र मिळवितो. कल्पनेची जागा संपादनाने घेतली, पण सीमारेषा आखणारे वाक्य मात्र गळून पडले. आज्ञावलीतील आज्ञा शिकविणे म्हणजे प्रतिरूपण शिकविणे, असा समज जेथे रुजला आहे तेथे ही उणीव लक्षातही येत नाही. मूल्यमापनही पडद्यावरच्या चित्रावरून होत असल्यास तिन्ही मार्गांना समान गुण मिळतात, आणि ज्याने वस्तूच बदलून टाकली तो विद्यार्थी व ज्याने फक्त दृश्य बदलले तो विद्यार्थी यांत फरक केला जात नाही.

यावर खर्चिक उपायांची आवश्यकता नाही. एकच पाऊण वृत्तचिती तिन्ही मार्गांनी करवून घ्यावी, प्रत्येकीचे घनफळ व पृष्ठसंख्या नोंदवावी, नंतर त्रिज्या बदलून काय टिकते व काय बिघडते ते पाहावे. एवढ्या एका प्रात्यक्षिकाने निरूपणाचा अर्थ विद्यार्थ्यांच्या ध्यानात येऊ शकतो. आज्ञावलींच्या रचनाकारांकडूनही दोन माफक अपेक्षा करता येतील. अवास्तव कोन मुकाट्याने 'पूर्ण' समजला जाऊ नये, आणि एकाच आज्ञावलीत कोनांच्या जोडीचा अर्थ आकारागणिक बदलू नये.

७. समारोप

कोनीय कापाची तीन निरूपणे परस्परांची स्पर्धक नाहीत. पाचर म्हणूनच घडलेल्या भागास कोनाने मर्यादित मूलाकार, कापून घडलेल्या भागास वजाबाकी आणि केवळ अंतरंग दाखविण्यास दृश्यकाप, अशी त्यांची कामे वेगळी आहेत. रचनात्मक घनभूमितीच्या सिद्धान्ताने बिंदुसंचाची शिस्त दिली, परंतु हेतूची नोंद ठेवण्याचे काम वापरणाऱ्यावर सोडले. जेथे ती नोंद ठेवली जात नाही तेथे चित्र खरे आणि वस्तू खोटी, किंवा वस्तू खरी आणि चित्र दिशाभूल करणारे, अशी अवस्था येते. म्हणून प्रतिरूपात कोन भरण्यापूर्वी तो वस्तूचा, कारागिराचा की पाहणाऱ्याचा, हे निश्चित करणे ही भूमितीय प्रतिरूपणाची पहिली पायरी मानली गेली पाहिजे.